गावातल्याच कलांमधून पोरांना दुसऱ्याची नजर कशी द्यायची: विदर्भातल्या शिक्षकांसाठी सविस्तर

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. हा लेख माझ्यासारख्याच मास्तर-मॅडमसाठी आहे, ज्यांच्याकडे प्रोजेक्टर असला तर लाइट नसते आणि लाइट असली तर नेट नसते, पण वर्गात मात्र गोंड, माना, ढिवर, बौद्ध, तेली, कुणबी, बंगाली, कधी बंजाऱ्यांच्या तांड्यावरचं एखादं पोट्टं, असे सगळे एका बेंचवर बसून राहिलेले असतात. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात कला बाकीच्या विषयांत मिसळून शिकवा असं आलं, प्रशिक्षणंही झाली, पण "दुसऱ्या संस्कृतीचा दृष्टिकोन समजावून द्या" म्हटलं की आपण काय करतो? जपानी पंखा करतो नाहीतर लेझीम बसवतो. पोरं दोन घंटे खूश राहतात आणि शेजारच्या टोल्यावर (वस्तीवर) काय चालते ते त्यांना दहावीपर्यंत माहीत होत नाही.

तर माझं म्हणणं सरळ आहे. दूरच्या देशाला जायच्या आधी वर्गातल्याच पोरांच्या घरी जा, आणि कुठल्याही कलेची नक्कल करायच्या आधी चार गोष्टी विचारा: हे कोण करतं, कधी करतं, कोणासाठी करतं, आणि यात काय करायचं नसतं. चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि तोच आपल्या शाळांमधून कोणी विचारत नाही.

सुरुवात: एकच गोष्ट निवडा

आधी गावाचा साधा नकाशा काढा, पोरांकडूनच काढून घ्या, मोहल्ले, टोले, तांडा, बोडी (लहान तळं), देवस्थान, विहार, समाजमंदिर. त्यावर पोरांना लिहू द्या की कोणाच्या घरी कोण काय करतं. कोणाची आजी भुलाबाईची गाणी म्हणते, कोणाचा मामा दंडारीत नाचतो, कोणाचे बाबा बुरूडकाम करतात, कोणाकडे टसरचा कोसा पाळतात, कोण भजनात खंजिरी वाजवतो, कोण भीमगीतं गातो, कोणाचे आबाजी पोळ्याला तोरणाखाली झडत्या म्हणतात. यादी पाहून तुम्हीच चकित व्हाल, कारण हजेरीपटावर हे काहीच दिसत नाही.

मग त्यातली एकच गोष्ट घ्या आणि पाच-सहा शनिवार तिलाच द्या. आनंददायी शनिवारचा तास हातात असतोच, त्याच्यात बसवा. एका महिन्यात चार संस्कृती उरकायच्या असा प्लॅन केला तर काहीच हाताला लागत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

काही शिक्षक विचारतात की आमच्या वर्गात सगळे एकाच समाजाचे आहेत, आम्ही काय करू. तिथेही फरक असतातच, आजीचं लग्न आणि ताईचं लग्न यांच्या गाण्यात फरक असतो, मुलीच्या सणात आणि मुलाच्या सणात असतो, शेत असलेल्याच्या आणि मजुरीला जाणाऱ्याच्या पोळ्यात तर भल्लाच असतो. तिथून सुरू करा.

आधी नुसतं पाहायला शिकवा

एक चित्र किंवा वस्तू मधात ठेवा. चित्र पाहायला शिकवण्याची एक पद्धत जगभर वापरतात, अबिगेल हाऊसन आणि फिलिप येनावाइन या दोघांनी ती बांधली, तिच्यात तीनच प्रश्न आहेत. यात काय चाललंय? तुला असं कशावरून वाटलं? अजून काय दिसतं? बस्स. दुसरा प्रश्न सोडू नका, कारण "सर, हे लोक गरीब आहेत" असं पोरगं म्हणतं तेव्हा "कशावरून" विचारलं की त्याला स्वतःलाच कळतं, की चित्रात तसं काही नाही, ते आपल्या डोक्यातून आलं. बरोबर-चूक तुम्ही सांगायचं नाही, ऐकायचं आणि फळ्यावर लिहायचं.

वारली चित्र घेऊन पाहा, कारण ते सगळ्यांना "येते". आपल्याकडे शाळेच्या भिंतीपासून लग्नपत्रिकेपर्यंत वारली आहे, पण ती कला राज्याच्या पार दुसऱ्या टोकाची, पालघर-ठाणे भागातल्या वारली लोकांची. पोरांना वाटते त्रिकोणाची माणसं काढली की झालं. मग लग्नचौकाचं चित्र दाखवा, ज्याच्या मधात पालघट देवी असते, आणि सांगा की हा चौक लग्नघरी सुवासिनी काढतात, गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, आणि तो काढल्याशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे ही भिंत सजवायची गोष्ट नव्हती, तो विधी होता. जिव्या सोमा मशे यांनी 1970 च्या दशकात विधीबाहेर, रोजच्या जगण्याची चित्रं काढायला सुरुवात केली, पुढे 2011 ला त्यांना पद्मश्री मिळाली, आणि मग ती कागदावर, कापडावर, सगळीकडे गेली. एवढं ऐकल्यावर पोरांना परत तेच चित्र पाहायला लावा. आता ते त्रिकोण सोडून माणसं कोणाभोवती फिरून राहिली ते पाहतात, तारपा वाजवणारा कुठे उभा आहे ते शोधतात. तिथे पहिला टप्पा झाला समजा.

एक गोष्ट इथेच साफ करून टाका. ठिपक्या-रेघांनी भरलेली "गोंड चित्रं" आपण पुस्तकात पाहतो ती मध्य प्रदेशात, दिंडोरी जिल्ह्यातल्या पाटनगड गावच्या परधान गोंडांकडून आली, जनगड सिंह श्याम यांनी 1980 च्या दशकात भोपाळच्या भारत भवनात काम सुरू केलं तेव्हापासून. परधान हे बाना वाजवून गोंडांच्या कथा गाणारे, ते गाणं त्यांनी रंगात आणलं. आपल्या धानोरा-भामरागडकडच्या गोंड-माडिया घरी तशी चित्रं सापडतीलच असं नाही. तिथे रेला नाच असेल, ढोल असेल, लाकडावरचं कोरीव काम असेल. वर्गातल्या गोंड पोराला "तू गोंड आहेस ना, मग काढ गोंड पेंटिंग" असं कृपा करून म्हणू नका. त्याला ते येत नाही आणि आता त्याला वाटते की आपल्याच घरचं आपल्याला येत नाही.

घरी जाऊन विचारणं

हा टप्पा सगळ्यात जास्त वेळ खातो आणि खायलाच पाहिजे. आधी तुम्ही एकटे जा, पोरांना घेऊन नाही. तांड्यावर गेलात तर नायकाला भेटा, गोंड गावात पाटलाला, भूमकाला (पुजाऱ्याला) विचारा, मोहल्ल्यात ज्येष्ठ मायबाईला विचारा. काय दाखवता येईल, पोरांनी कधी यावं, फोटो-व्हिडिओ चालेल का, हे सगळं आधीच बोलून घ्या. मोबाइल खिशातून काढायच्या आधी विचारायचं, हा नियम पोरांनाही सांगा. आणि रिकाम्या हाताने जायचं नाही, पोरांनी घरून आणलेला मूठ-मूठ शेंगदाणा-गूळ पुरते.

प्रश्न पोरांकडून आधीच तयार करून घ्या, पण तोंडपाठ नको. तुम्हाला हे कोणी शिकवलं? पहिल्यांदा कधी केलं? आता कोण शिकून राहिलं? हे कोणत्या दिवशी करत नाहीत? कोणी करायचं नसतं? चुकलं तर काय करतात?

एका तांड्यावरच्या आजीने पोरांसमोर जुना फेट्या (घागरा) आणि कांचळी (चोळी) काढून पसरली होती, आरशाचे तुकडे, कवड्या, रंगीत दोरा, काठाला बारीक टाके. पहिला प्रश्न आला तो "आजी, कितीचा आहे?" आजी हसली, म्हणे हा विकायचा नाही. मग एका पोरीने कवडी बोटाने हळूच हलवून विचारलं की हिला भोक कसं पाडलं, आणि आजीची कळीच खुलली, कवडीची पाठ कशी घासतात, दोरा कुठून ओवतात, डोळ्यांनी दिसायचं तेव्हा रात्री दिव्याजवळ बसून कसं शिवायचो, आईने कोणता टाका शिकवला आणि त्यातला कोणता सुनेला येत नाही, सगळं सांगितलं. पोरांना सांगायचं ते हेच, की "कसं केलं" विचारलं की माणूस बोलतो, "कितीचं" विचारलं की थांबतो.

परत आल्यावर त्याच दिवशी लिहून घ्या. प्रत्येकाने तीन ओळी: मी काय पाहिलं, मला आधी काय वाटत होतं, आता काय वाटते. उद्यावर टाकलं तर सगळ्यांची वही सारखीच येते.

हाताने करणं, पण काय करायचं नाही ते ठरवून

आता करायची वेळ. तंत्र शिका, पवित्र वस्तूची प्रतिकृती करू नका. हा फरक पोरांना नीट समजावा लागतो. मेळघाटात कोरकू लोक गेलेल्या माणसाच्या आठवणीत सागाच्या लाकडाचा मुंडा कोरतात, त्यावर सूर्य-चंद्र असतो, घोडेस्वार असतो. दिसायला इतका सुंदर की कोणत्याही चित्रकलेच्या सरांना वाटेल थर्माकोलवर करून घेऊ. नका करू. तो कोणाच्या तरी आजोबाचा आहे. त्याबद्दल बोला, फोटो पाहा, आणि मग पोरांना विचारा की तुझ्या घरी गेलेल्या माणसाची आठवण कशी ठेवतात, ते काढ. कोणी फोटोला हार काढते, कोणी बुद्धवंदना काढते, कोणी नदीवरचा पिंड काढते. ही चित्रं जास्त खरी निघतात.

ऑस्ट्रेलियातलं एक उदाहरण मी मोठ्या वर्गांना नेहमी सांगतो. 1971 साली पापुन्या नावाच्या वस्तीत जेफ्री बार्डन नावाचा शिक्षक होता, त्याने तिथल्या आदिवासी लोकांना शाळेच्या भिंतीवर त्यांची स्वतःची चित्रं काढायला प्रोत्साहन दिलं, त्यांनी मधमुंगीच्या कथेचं भित्तिचित्र काढलं आणि त्यातून जगभर गाजलेली ठिपक्यांची चित्रकला उभी राहिली. पण सुरुवातीच्या काही चित्रांत अशा खुणा आल्या ज्या बायका-पोरांनी किंवा बाहेरच्यांनी पाहायच्याच नव्हत्या. त्यावर समाजातूनच आक्षेप आला, आणि पुढे चित्रकारांनी त्या खुणा काढून टाकल्या किंवा ठिपक्यांखाली झाकल्या. सातवी-आठवीच्या पोरांना हे पटकन समजते, कारण त्यांच्याही घरी देवघरातली एखादी गोष्ट पाहुण्यांना दाखवत नाहीत.

रंगासाठी बाजारात जायची गरज नाही. गेरू, चुना, पांढरी माती, चुलीतला कोळसा. हळदीत चुना टाकला की लाल होते, पोरांना हे जादूसारखं वाटते आणि विज्ञानाच्या सरांचा निर्देशकाचा धडाही त्यातच होऊन जातो. पळसाची फुलं उन्हाळ्याच्या तोंडाला वाळवून ठेवा, पाण्यात उकळली की केशरी रंग, चुटकीभर चुना घातला की गडद. रंग कागदाला धरायला बाभळीचा डिंक रात्री भिजत घालून गाळून मिसळा, नाहीतर वाळल्यावर भुकटी होऊन गळते. ब्रश म्हणजे बांबूची काडी टोकाला ठेचून. कागद नसेल तर शाळेची मागची भिंत शेणामातीने सारवून घ्या, ते सारवणं कोणाच्या तरी आईला येऊन शिकवायला सांगा, तोही कलेचाच तास आहे.

एकाच दिवसाकडे चार खिडक्यांतून

हा माझ्या मते सगळ्यात भारी टप्पा, आणि सगळ्यात जपून करायचा. एकच दिवस घ्या: दसरा. पोरांना घरी जाऊन विचारायला सांगा की आपल्याकडे या दिवशी काय करतात, आणि येऊन एका कागदावर "आमच्या घरचा दसरा" काढायला लावा. एकमेकांचं पाहायचं नाही.

मग सगळे कागद दोरीला टांगा. कोणाच्या कागदावर सोनं वाटणं आहे, औजारांची पूजा आहे. कोणाच्या कागदावर नागपूरची दीक्षाभूमी आहे, कारण 14 ऑक्टोबर 1956 ला अशोक विजयादशमीच्या दिवशी बाबासाहेबांनी तिथे धम्मदीक्षा घेतली, आणि दोन दिवसांनी 16 ला आपल्या चंद्रपूरलाही दीक्षा सोहळा झाला, त्यामुळे त्या घरचे लोक पांढरे कपडे घालून गाडीत बसून जातात. कोणाच्या कागदावर तालुक्याच्या मैदानात जळणारा रावण आहे. आणि एखादं गोंड पोरगं म्हणते, "सर, आमच्याकडे रावण नाही जाळत, त्याले पुजतात." गडचिरोलीतल्या काही गावांत हे खरंच आहे, तिथे रावणदहनाला विरोधही होतो.

इथे वर्ग एकदम गप्प होतो किंवा गलका करतो. तुम्ही काय करायचं? खरं कोण आणि खोटं कोण हे ठरवायला बसायचं नाही. आधीचे तीन प्रश्न परत आणा, चित्र कोणाचंही असो. यात काय चाललंय, कशावरून वाटलं, अजून काय दिसतं. मग प्रत्येकाने दुसऱ्या कोणाचं तरी चित्र उचलून त्याच्या बाजूने बोलायचं, "आमच्या घरी आज..." अशी सुरुवात करून. रावण जाळणाऱ्या घरच्या पोराने पुजणाऱ्याचं, दीक्षाभूमीवाल्याने औजारपूजेचं. अडलं की चित्र ज्याचं आहे त्याला विचारायचं, अंदाजाने बोलायचं नाही. पोरं पहिल्यांदा अडखळतात, मग इतकी खोल जातात की विचारू नका.

गावात ताण असेल, निवडणुकीचा माहोल असेल तर दसरा सोडा आणि दिवाळी घ्या. तिथे गोवारी समाजाचं गायगोधन आहे, तांड्यावरच्या पोरींचं हातात दिवा घेऊन घरोघरी मेरा (दिवाळीचं गाणं) म्हणत जाणं आहे, झाडीतली मंडई (दिवाळीनंतरची जत्रा) आहे, फटाके-किल्ला आहे. कमी टोकाचं, पण तेवढंच श्रीमंत.

नाटक, आणि स्नेहसंमेलनातला तो डान्स

आपल्याकडे झाडीपट्टीची रंगभूमी आहे, धान निघाल्यावर दिवाळीपासून होळीपर्यंत रात्रभर नाटकं चालतात, वडसा हे त्याचं केंद्र, परशुराम खुणे यांना 2023 ला पद्मश्री मिळाली. पोरांनी हे आईच्या मांडीवर झोपून पाहिलेलं असते. त्यामुळे नाटक शिकवावं लागत नाही, फक्त वळवावं लागते. दंडार किंवा खडी गंमत या इथल्या लोकनाट्यांच्या ढंगात एक छोटा प्रवेश बसवा: पाण्याची एकच विहीर, दोन टोले, दोघांचं भांडण. पहिल्यांदा आपापल्या बाजूने करू द्या, मग पात्रं अदलाबदल करा, तेच भांडण समोरच्याच्या तोंडाने. मधात थांबवून विचारा, "आता तुझ्या पोटात काय होऊन राहिलं?" उत्तर एका शब्दात चालते. संवाद लिहून देऊ नका, पोरांच्या बोलीतच राहू द्या, झाडीबोली असो नाहीतर वऱ्हाडी.

आता स्नेहसंमेलनाबद्दल मला मोकळं बोलायचं आहे. दरवर्षी "आदिवासी नृत्य" म्हणून पोरांच्या तोंडाला काळं फासतात, कमरेला पानं बांधतात, डोक्यात पिसं खोचतात, हातात भाला देतात आणि कुठल्यातरी सिनेमाच्या गाण्यावर हूहू करायला लावतात. समोर प्रेक्षकांत खरे आदिवासी पालक बसलेले असतात, धुतलेलं धोतर नेसून, लेकरू स्टेजवर दिसेल म्हणून आलेले. हे बंद झालं पाहिजे, आणि ते आपणच बंद करू शकतो, कारण डान्स आपणच बसवतो. रेला करायचा असेल तर रेला येणाऱ्या बाया-पोरींना बोलवा, त्या सांगतील कोणतं गाणं कधी म्हणतात आणि स्टेजवर कोणतं चालेल. कपडे त्यांना विचारून. निवेदनात गावाचं नाव, समाजाचं नाव, शिकवणाऱ्या मावशीचं नाव घ्या, आणि त्या दिवशी तिला पहिल्या रांगेत खुर्ची द्या, सरपंचाच्या शेजारी.

भाषेचं थोडं

विदर्भात तीन वेगळ्या कुळांच्या भाषा शेजारी-शेजारी नांदतात: मराठी, तेलुगूच्या कुळातली गोंडी, आणि संथाली-मुंडारीच्या कुळातली कोरकू. गाणं शिकताना ते मूळ भाषेतच शिका, देवनागरीत फळ्यावर लिहा आणि उच्चार त्या भाषेच्या पोराकडून तपासून घ्या. जे पोरगं मराठीच्या तासाला मान खाली घालून बसते ते त्या दिवशी सगळ्या वर्गाला आणि मास्तरला सुधारते. पण त्याला आधी खाजगीत विचारा, "सांगशील का सगळ्यांना?" नाही म्हटलं तर सोडून द्या. कोणत्याच लेकराला आपल्या समाजाचा नमुना म्हणून उभं करायचं नाही.

अडचणी आणि मूल्यमापन

पालक येतात, म्हणतात, "सर, दुसऱ्याचा धर्म कायले शिकवता?" त्यांना पोरांच्या वह्या दाखवा आणि शाळा व्यवस्थापन समितीत आधीच विषय ठेवा. पूजा करायला लावत नाही, फक्त माहीत करून घेतो, आणि तुमच्याही घरचं बाकीच्यांना माहीत होते, एवढं सांगितलं की बहुतेक लोक ऐकतात. पुढच्या शनिवारी त्यांनाच बोलवा.

मार्क चित्राच्या सुंदरपणाला देऊ नका. आकारिक मूल्यमापनाच्या नोंदीत मी तीन गोष्टी पाहतो: पोरगं प्रश्न काय विचारते, दुसऱ्याबद्दल बोलताना "ते लोक" म्हणते की नाव घेऊन बोलते, आणि आधीच्या वहीतलं मत स्वतःहून बदलते का. "सर, मला वाटत होतं की... पण आजी म्हणाली..." असं वाक्य वहीत आलं की त्याची नोंद तारखेसकट करून ठेवा.

शेवटचा शनिवार प्रदर्शनाचा. शाळेत लावा, पण ज्यांनी शिकवलं त्यांना आधी दाखवा, एक दिवस आधी, साधं. काही चुकलं असेल तर ते सांगतील आणि तेवढं चित्र उतरवून ठेवता येते. प्रत्येक चित्राखाली कोणाकडून शिकलो ते लिहा. संपल्यावर चित्रं कपाटात कोंबू नका, एकेक त्या-त्या घरी नेऊन द्या, पोरांच्या हातानेच. मुलाखतींची वही मात्र शाळेत राहू द्या, पुढच्या वर्षीच्या पाचवीला तिथून पुढे विचारता येते, आणि तुमची बदली झाली तर येणाऱ्या मास्तरला कोणाच्या दारात जायचं ते शोधत बसावं लागत नाही.